मिश्र प्रणालींचे घरगुती नेटवर्क

विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे संगणक घरातल्या एकाच राउटरला जोडून फायली, प्रिंटर आणि इंटरनेट सामायिक वापरण्याची व्यवस्था. जळगाव-धुळ्याकडे ती कुणी आखत नाही, घडत जाते. दुकानाचा किंवा आडतीचा हिशेब टॅलीत, म्हणजे विंडोजवर. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानेही घरोघर विंडोजचीच सवय लावली. मग बांभोरी किंवा शिरपूरला अभियांत्रिकी शिकणारी मुलगी लॅपटॉपवर उबुंटू टाकते, पुण्यात नोकरीला असलेला भाऊ दिवाळीला मॅकबुक घेऊन येतो, आणि तिघांनाही तीच फाईल हवी असते.

जोडणीत भांडण नाही. तिन्ही प्रणाली टीसीपी/आयपी जाणतात, आणि राउटर त्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. हे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखीव आहेत. अडचण असलीच तर भिंतींची. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींत वायफाय अडते, ५ गिगाहर्ट्झचे तर लवकरच. अशा ठिकाणी गच्चीवरून लॅन केबल टाकणे बरे. ती १०० मीटरपर्यंत चालते. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी पत्ते नव्याने वाटतो आणि कालपर्यंत उघडणारे सामायिक फोल्डर आज सापडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक यंत्राचा पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो. राउटर इन्व्हर्टरवर घेणे हे त्याहून सोपे.

खरा पेच फायलींच्या देवाणघेवाणीत. विंडोज त्यासाठी एसएमबी हा प्रोटोकॉल वापरते; तो १९८० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाला. युनिक्सच्या जगाला तो परका होता. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना आपल्या डॉसच्या संगणकावरून युनिक्स सर्व्हरची डिस्क वापरायची होती. तारेतून जाणारी पाकिटे निरखून त्यांनी समोरच्या यंत्राचे बोलणे ओळखले आणि १९९२ मध्ये आपला सर्व्हर खुला केला. तोच पुढे सांबा झाला. त्या प्रोटोकॉलची अधिकृत कागदपत्रे सांबाच्या मंडळींच्या हाती यायला २००७ उजाडले, तेही मायक्रोसॉफ्टवरच्या युरोपातल्या खटल्यानंतर आणि १०,००० युरो भरून. ॲपलने २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून स्वतःचा एएफपी मागे ठेवून एसएमबी २ ला पहिला मान दिला. आज तिन्ही प्रणालींना समजणारी भाषा तीच.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून जगभर पसरला. त्याच वर्षीपासून मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती विंडोजमधून काढायला घेतली. योग्यच झाले, पण तिच्याबरोबर शेजारची यंत्रे यादीत दाखवण्याची जुनी सोयही गेली. लिनक्सचा संगणक विंडोजच्या ‘नेटवर्क’मध्ये दिसत नाही, म्हणजे तो बंद आहे असे नव्हे, दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता टाकला की बहुतेकदा तो उघडतो. जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नये.

मराठी नावांच्या फायलींची गंमत निराळी. ‘व्यापाऱ्यांची उधारी’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता असा जोडूनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव दुसऱ्या पद्धतीने साठवते; लिनक्सची नेहमीची डिस्क जसे आले तसेच ठेवते आणि दोन्ही नावे वेगळी धरते. परिणामी एकाच फोल्डरमध्ये डोळ्यांना हुबेहूब सारख्या नावांच्या दोन फायली उभ्या राहतात, आणि कालची वसुली कोणत्या फायलीत लिहिली तेच कळत नाही. २०१७ मध्ये आलेली मॅकची एपीएफएस नाव बदलत नाही, त्यामुळे तिढा कमी झाला. जुन्या बॅकअप डिस्कवर तो अजून भेटतो.

प्रिंटरचे त्यामानाने बरे चालले आहे. वायफायचे नवे प्रिंटर तिन्ही प्रणालींना ड्रायव्हरशिवाय चालतात. काही स्वस्त यूएसबी लेझर प्रिंटर मात्र विंडोजच्याच ड्रायव्हरवर अवलंबून असतात. ते दुकानाच्या संगणकावरून सामायिक करावे लागतात, आणि तो संगणक बंद असला की छपाईही बंद.