(नॉस्टॅल्जिया)

(नॉस्टॅल्जिया) हा अमेरिकन चित्रपटकार हॉलिस फ्रॅम्प्टन (१९३६–१९८४) यांचा १९७१ सालचा प्रायोगिक लघुपट आहे. १६ मिमी फिल्मवरील या कृष्णधवल लघुपटाची लांबी ३६ मिनिटे आहे. कंस हा शीर्षकाचाच भाग होय. 'हॅपॅक्स लेगोमेना' या सात भागांच्या मालिकेतील हा पहिला भाग आहे.

पार्श्वभूमी

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फ्रॅम्प्टन न्यू यॉर्कमध्ये छायाचित्रण करीत. शिल्पकार कार्ल आन्द्रे व चित्रकार फ्रँक स्टेला हे त्यांचे शाळासोबती. या मित्रांची व स्वतःची त्या काळातील छायाचित्रे हीच लघुपटाची मुख्य सामग्री आहे.

रचना

विजेच्या शेगडीवर एक छायाचित्र ठेवलेले असते. कॅमेरा वरून स्थिर पाहत असतो. थोड्या वेळाने शेगडीच्या तारेचे वेटोळे कागदावर उमटते, कागद काळवंडून आक्रसतो व त्याची राख होते. मग दुसरे छायाचित्र येते. निवेदक सांगत असलेली हकिकत मात्र समोर जळणाऱ्या छायाचित्राची नसून त्यानंतर येणाऱ्या छायाचित्राची असते. चित्र दिसते तेव्हा त्याची हकिकत सांगून झालेली असते, आणि ती आठवेपर्यंत चित्र पेट घेते. आठवणीविषयी काही सांगण्याऐवजी प्रेक्षकालाच आठवायला लावणे, हे या लघुपटाचे खरे वैशिष्ट्य होय.

निवेदन प्रथमपुरुषी असून फ्रॅम्प्टन यांचेच आहे. आवाज मात्र कॅनेडियन कलावंत मायकेल स्नो यांचा. त्यामुळे स्नो यांची क्षमा मागण्याची इच्छा खुद्द स्नो यांच्याच तोंडून ऐकू येते! तेविसाव्या वाढदिवशी, ११ मार्च १९५९ रोजी, काढलेल्या स्वतःच्या छायाचित्राबद्दल निवेदक म्हणतो की, त्यानंतर आपले सारे शरीर एकाहून अधिक वेळा बदलून गेले आहे. अपवाद फक्त मज्जासंस्थेचा. तारुण्यातील स्वतःकडे पाहण्याची ही दृष्टी मिस्किल आहे, पण निर्विकार नाही.

शेवटच्या हकिकतीतील छायाचित्र दाखवलेलेच नाही. त्यातील एक सूक्ष्म तपशील मोठा करून पाहताना अशी धास्ती वाटली की, यापुढे छायाचित्र काढण्याचे धाडस होणार नाही, असे निवेदक सांगतो व प्रेक्षकाला ते पाहण्यास सुचवतो.

शीर्षक

मूळ शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 'घरी परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून घडवला. मराठीत रूढ असलेल्या 'स्मरणरंजन' या प्रतिशब्दात ही वेदना उतरत नाही. या लघुपटासाठी तो अपुरा पडतो.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी या लघुपटाची निवड झाली.