ऐकणारी लेखणी

कोणत्याही साधनाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा त्याच्या जनकाचें नांव घेतों, तें कोणत्या सालीं निघालें हें सांगतों, आणि तेवढ्यानें इतिहास पुरा झाला असें मानतों. परंतु कांहीं साधनें अशीं असतात कीं, त्यांचा जनक तीं अर्धवटच जगाच्या हातीं देतो, आणि उरलेला अर्धा भाग अनोळखी कारागिरांनीं पुरा करावा अशी अपेक्षा ठेवतो. अशा साधनाचा इतिहास हा जनकाचा व त्या कारागिरांचा मिळून इतिहास होय. आणि दोघांमधला करार कितपत पाळला गेला, हा त्यांतला मुख्य प्रश्न होय. सन २००८ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, ओकलंड येथील लाइव्हस्क्राइब नांवाच्या कंपनीनें ‘पल्स’ ही लेखणी विक्रीस काढली. ती लिहीत असे, लिहितां लिहितां ऐकत असे, आणि ऐकलेलें पुन्हा बोलून दाखवीत असे. तिची हकीकत वरील दृष्टीनें सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

लेखणी हें साधन जुनें असलें, तरी तिच्या व्यवहारांत अशी गुंतागुंत पूर्वीं नव्हती. बोरू विकणारा आणि बोरू घेणारा ह्यांचें नातें पैसे मोजतांच संपत असे. बोरू घेणाऱ्यानें त्यानें हिशेब लिहावा, पोथी लिहावी, कीं मुलास कित्ता घालून द्यावा, ह्याशीं विकणाऱ्यास कर्तव्य नसे. आणि विकणाऱ्यानें उद्यां दुकान बंद केलें, तरी घेतलेला बोरू झिजेपर्यंत चालत असे. ही साधी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल.

हातानें लिहिलेलें यंत्राला कळावें, ही इच्छा कांहीं आजची नाहीं. टेलिफोनच्या शोधासाठीं ज्यानें बेलप्रमाणेंच १४ फेब्रुवारी १८७६ रोजीं पेटंट कचेरींत कागद दाखल केले, त्या एलिशा ग्रे ह्या अमेरिकन संशोधकानें १८८८ सालीं ‘टेलऑटोग्राफ’ ह्या यंत्राचें पेटंट मिळविलें. एका गांवीं लेखणी हलवावी आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या लेखणीनें तींच अक्षरें उमटवावीं, अशी त्याची रचना होती. १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत तें मांडलें होतें. तथापि हें यंत्र अक्षर दूर नेई. साठवून ठेवीत नसे. पुढें संगणक आल्यावर, १९६४ मध्यें रँड ह्या संस्थेनें तारांच्या सूक्ष्म जाळीची एक पाटी केली. तिच्यावर फिरणाऱ्या लेखणीची जागा संगणकास कळत असे. १९८७ मध्यें स्थापन झालेल्या ‘गो’ कंपनीनें लेखणीनें चालणाऱ्या संगणकाचा मोठा उद्योग आरंभिला, त्याचा शेवट १९९४ मध्यें झाला. ॲपल कंपनीचा ‘न्यूटन’ १९९३ मध्यें आला आणि १९९८ मध्यें बंद पडला.

ह्या सर्व प्रयत्नांत एक समान गोष्ट होती. त्या सर्वांनीं माणसाचा हात कागदावरून उचलून पाटीवर किंवा कांचेवर नेला. कागद स्वस्त, हलका आणि शतकानुशतकें हाताच्या संवयीचा. तो सोडण्यास सांगणें म्हणजे लिहिणाऱ्याकडून फार मोठें मोल मागणें होतें. कागद तसाच ठेवून यंत्राला लिहिणें कळेल काय, हा प्रश्न निराळा होता, आणि त्याचें उत्तर स्वीडनमधून आलें.

स्वीडनच्या दक्षिणेस लुंड हें विद्यापीठाचें जुनें गांव आहे. तेथें क्रिस्टर फोरेउस ह्यांनीं छापील मजकुरावरून फिरवितांच तो टिपून घेणारी ‘सी-पेन’ ही लेखणी प्रथम केली. आणि त्याच उद्योगांतून पुढें ‘आनोटो’ ही पद्धति निघाली. तिची युक्ति अशी. कागदावर फिकट करडी झाक दिसावी इतके बारीक बिंदू छापावयाचे. दोन बिंदूंमधलें अंतर सुमारें ०.३ मिलिमीटर. बिंदू काल्पनिक चौकटीच्या छेदावर नेमका नसतो; तो किंचित् वर, खालीं, डावीकडे किंवा उजवीकडे सरकविलेला असतो. म्हणजे प्रत्येक बिंदूस चार जागा शक्य झाल्या. सहा ओळी आणि सहा रांगा मिळून छत्तीस बिंदू घेतले, तर चार हा आंकडा छत्तीस वेळां मांडून गुणिला असतां जी संख्या येते, तितक्या निरनिराळ्या रचना संभवतात. ही संख्या बावीस अंकी आहे. ह्यामुळें दोन मिलिमीटरांहून लहान अशा चौरस तुकड्याकडे पाहून लेखणीला कळतें कीं, आपण कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर आणि त्या पानाच्या कोणत्या जागीं आहों. लेखणीच्या टोकापाशीं एक चिमुकला कॅमेरा असतो. तो दर सेकंदास सत्तराहून अधिक चित्रें घेतो. बिंदूंची शाई अवरक्त प्रकाश शोषून घेणारी, आणि लिहिण्याची शाई त्या प्रकाशाला पारदर्शक, अशी योजना असल्यामुळें लिहिलेल्या ओळीखालीं बिंदू झांकले जात नाहींत.

येथें एक गोष्ट आपल्यासारख्यांस विशेष वाटेल. ही लेखणी अक्षर ओळखीत नाहीं. ती हाताची चाल नोंदवून ठेवते. अक्षर कोणतें हें ओळखण्याचें काम मागाहून, निराळ्या आज्ञावलीचें. सबब रोमन लिपि असो, देवनागरी असो कीं मोडीचा फराटा असो, रेषा टिपतांना ती भेद करीत नाहीं. परकीय यंत्रांपुढें आपल्या लिपीला नेहमीं दाराबाहेर तिष्ठावें लागलें आहे. ह्या एका यंत्राच्या दारांत तरी तिला अडवणूक नव्हती.

आनोटो पद्धतीच्या लेखण्या एरिक्सन कंपनीनें २००० मध्यें जाहीर केल्या, आणि लॉजिटेक कंपनीनें २००२ मध्यें बाजारांत आणल्या. पण त्या व्यापारी कचेऱ्यांतील छापील फॉर्म भरण्यापलीकडे सामान्य माणसाच्या खिशांत फारशा शिरल्या नाहींत. तें काम जिम मार्ग्राफ ह्या अमेरिकन गृहस्थांनीं अंगावर घेतलें. लीपफ्रॉग ह्या मुलांचीं खेळणीं करणाऱ्या कंपनींत असतांना त्यांनीं १९९९ मध्यें ‘लीपपॅड’ हें बोलकें पुस्तक काढलें होतें. पुस्तकांतील शब्दावर लेखणी टेकली कीं तो शब्द ऐकूं येई. २००५ मध्यें त्याच कंपनीनें आनोटोची पद्धति घेऊन ‘फ्लाय’ ही मुलांची लेखणी काढली. तिनें कागदावर आंकड्यांचे चौकोन काढावे आणि त्यांवर टोक टेकावें, कीं काढलेलें चित्रच गणकयंत्र होई. चित्र काढतांच साधन तयार, ही कल्पना पुढें लाइव्हस्क्राइबचा पाया ठरली. ती कंपनी मार्ग्राफ ह्यांनींच २००७ मध्यें उभी केली.

‘पल्स’चें मुख्य अंग ध्वनि हें होय. वहीच्या पानाच्या तळाशीं छापलेल्या खुणेवर टोक टेकलें कीं लेखणी ऐकूं लागते. आणि कोणता शब्द लिहिला जात असतां कोणता आवाज चालू होता, ह्याची सांगड ती ठेवते. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यानें आपल्या टिपणांतील एखाद्या शब्दावर टोक ठेवावें. तो शब्द लिहितेवेळीं प्राध्यापक जें बोलत होते तें लेखणी म्हणून दाखवी. एक गिगाबाइट साठ्याच्या लेखणीची किंमत १४९ डॉलर व दोन गिगाबाइटांच्या लेखणीची १९९ डॉलर होती. वर्गांत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. व्याख्यानाच्या भरांत विद्यार्थ्याची लेखणी मागें पडते, तो एक वाक्य लिहितो तोंवर पुढचीं दोन निसटतात, आणि मग तो ऐकणें सोडून देतो, हें आम्हीं नित्य पाहिलें आहे. त्यास थोडें लिहून अधिक ऐकण्याची मोकळीक ह्या लेखणीनें दिली, हें तिचें खरें उपकारकत्व. ऐकलेलें सर्व साठलें म्हणजे तें समजलें, असा भ्रमही तिच्यामुळें होऊं शकतो. पण तो दोष लेखणीचा नव्हे, आळसाचा होय.

तथापि कंपनीची महत्त्वाकांक्षा टिपणांपुरती नव्हती. लेखणींत एक लहानसा संगणक, एक चिंचोळा पडदा, कान आणि तोंड होतें. इतकें असतां तिच्याकडून आणखी काय करवून घेतां येईल, हें एका कंपनीला सुचणें शक्य नव्हतें. कागदावर पियानोच्या पट्ट्या काढून त्या वाजविणें, किंवा लिहिलेला शब्द दुसऱ्या भाषेंत बोलवून घेणें, असे नमुने कंपनीनें स्वतः दाखविले. त्यापुढचें काम तिनें बाहेरच्या आज्ञावलीकारांवर सोंपविलें. जावा ह्या सुपरिचित भाषेच्या आधारानें लेखणीसाठीं छोटीं ॲपें लिहितां यावींत, म्हणून तिनें साहित्य पुरविलें, आणि त्या ॲपांस ‘पेनलेट’ असें नांव दिलें. २००९ मध्यें तीं विकण्याचें दुकानही उघडलें. ह्या निमंत्रणाला काळ अनुकूल दिसत होता. ज्या मार्च २००८ मध्यें ‘पल्स’ आली, त्याच महिन्यांत ॲपल कंपनीनें आपल्या आयफोनसाठीं बाहेरच्यांनीं ॲपें लिहावींत, ह्याचें साहित्य जाहीर केलें, आणि जुलै महिन्यांत ॲपांचें दुकान उघडलें. एकाच वेळीं दोन दारें उघडलीं. एक फोनचें, दुसरें कागदाचें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. फोनच्या दारांतून जग आंत शिरलें. लेखणीच्या दारांतून थोडे हौशी कारागीर आले. २०१० मध्यें ‘एको’ ही सुधारलेली लेखणी निघाली. पण बाहेरच्या कारागिरांस दिलेला आधार कंपनीनें २०११ मध्यें काढून घेतला. २०१२ च्या लेखणीनें टिपणें वायरलेस मार्गानें दूरच्या साठ्यांत पाठविलीं. आणि २०१३ च्या ‘लाइव्हस्क्राइब ३’ मध्यें तर आवाज टिपण्याचें कामही सोबतच्या फोनकडे किंवा पाटीकडे गेलें. ज्या लहानशा संगणकासाठीं कारागिरांस बोलाविलें होतें, तो लेखणींतून निघून फोनमध्यें जाऊन बसला. २०१५ मध्यें आनोटो कंपनीनें लाइव्हस्क्राइब विकत घेतली. शिष्याचें घर गुरूच्या घरांत विलीन झालें.

ह्यांत कंपनीचा दोष किती? कोणी म्हणेल कीं, व्यापारी संस्थेस तोट्याचें दुकान चालूं ठेवण्याचें बंधन नाहीं. ग्राहक फोनकडे वळले असतां लेखणीच्या ॲपांवर पैसा खर्चणें हें शहाणपण नव्हे. हें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं नाकारवत नाहीं. लहान कंपनीला जगावें लागतें. परंतु निमंत्रण देणारा आणि निमंत्रण स्वीकारणारा ह्यांची जोखीम सारखी नसते, हेंही विसरतां येत नाहीं. कंपनीनें दिशा बदलली तेव्हां तिच्याजवळ कंपनी उरली. ज्यानें आपल्या रात्री खर्चून एखादें पेनलेट लिहिलें, त्याच्याजवळ जावा भाषेचें ज्ञान उरलें खरें. परंतु त्याची कृति ज्या लेखणीवाचून मुकी, त्या लेखणीचें दार त्याच्या हातीं नव्हतें. बोरू विकणाऱ्यानें दुकान बंद केल्यानें लिहिणाऱ्याचें कांहीं अडत नसे, असें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें ह्याचसाठीं. ह्या लेखणीनें विक्रीनंतरही विकणारा आणि घेणारा ह्यांना एका दोरीनें बांधून ठेवलें, आणि दोरीचें टोक एकाच्याच हातीं होतें. कागदाचीही तीच कथा. घरच्या लेझर छपाईयंत्रावर बिंदूंचा कागद काढण्याची सोय होती. पण कोणत्या पानास कोणते बिंदू, ही वांटणी पद्धतीच्या मालकांकडेच राही. साध्या कोऱ्या कागदावर ती लेखणी केवळ शाईची लेखणी होती.

आणि तरीही ह्या इतिहासाचा शेवट सर्वस्वीं हानीचा नाहीं. कंपनीनें दोन वचनें दिलीं होतीं. कारागिरांस दिलेलें वचन तीन-चार वर्षांतच विरलें. विद्यार्थ्यास दिलेलें वचन मात्र बऱ्याच अंशीं पाळलें गेलें, आणि त्याचें कारण यंत्रांत नसून कागदांत आहे. ध्वनि हरवला, ॲप बंद पडलें, दुकानाला कुलूप लागलें, तरी २००८ सालीं त्या वहींत शाईनें लिहिलेलें टिपण आज उघडून वाचतां येतें. त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. गो आणि न्यूटन ह्यांनीं कागद टाकला. ह्या लेखणीच्या कर्त्यांनीं तो राखला. तिचें जें कांहीं टिकलें, तें ह्याच एका विवेकामुळें टिकलें, असें आमचें मत आहे.

नवीं साधनें येत राहतील, आणि प्रत्येक साधन आपल्या तरुणांस हांक मारील कीं, या, माझ्यावर आपली कला दाखवा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकजण आज हाच व्यवसाय करीत आहेत. कांहीं ह्या देशांत, कांहीं परदेशांत. त्यांनीं तें निमंत्रण नाकारावें असें आम्ही म्हणणार नाहीं. अशा निमंत्रणांवांचून नव्या विद्या वाढत नाहींत. परंतु स्वीकारण्यापूर्वीं त्यांनीं एवढें विचारावें कीं, यजमान उठून गेला, तर मी केलेल्यांतलें माझ्याजवळ काय उरेल. आणि निमंत्रण देणाऱ्यानेंही हाच प्रश्न आधीं स्वतःस विचारावा. त्याचें उत्तर जो आपल्या साधनांतच बांधून देईल, त्याच्या लेखणीला कारागिरांची वाण पडणार नाहीं.