जवारीची कुळकथा

तंतुवाद्याच्या तारेचा स्वर खुंटी पिळून ठरतो. परंतु तो स्वर भरदार लागतो, झगझगीत लागतो की बोथट, हे तार जिथे टेकते किंवा जिथून तिचे कंपन उचलले जाते, त्या जागेच्या ठेवणीवर फार अवलंबून असते. विजेवर चालणाऱ्या गिटारमध्ये कंपन उचलण्याचे काम पिकअप करतो. चुंबक आणि त्याभोवतीचे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे अशी त्याची रचना असून वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. लिओ फेंडर यांच्या १९५० मधील गिटारीत, जी पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळचा पिकअप तिरका बसवलेला होता. त्यामुळे बारीक तारांचे कंपन घोडीच्या अधिक जवळून उचलले जाऊन त्यांना धार आली आणि जाड तारांचे थोडे दुरून घेतले गेल्याने त्यांचा खर्ज भरलेला राहिला.

भारतीय वाद्यांत याच्याशी नाते सांगणारे तंत्र म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेला तारांचा आधार, वरून रुंद आणि किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार या उतरत्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा चाटून जाते आणि त्या स्पर्शातून मूळ स्वरावर उपस्वरांचे, म्हणजे त्याच्या पटीतील उंच स्वरांचे, दाट आवरण चढते. उतार एकदम असेल तर तार लगेच सुटी होते आणि आवाज कोरडा येतो. पृष्ठभाग सपाट राहिला तर ती खरखरते. योग्य उतार कानसीने घासून काढावा लागतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये घातलेला दोरा केसभर पुढेमागे सरकवून तो नेमका साधला जातो. सतारीत तुलनेने सपाट घोडीची जवारी खुली आणि अधिक गोलाईची बंद म्हटली जाते. तारेला जिथे छेडावे तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटत नाही, हा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रातील नियम तंबोऱ्याला लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले आणि त्याचे कारण त्यांना या घोडीतच सापडले.

या तंत्राचा पूर्वज छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, देवगिरीत, लिहिलेल्या ग्रंथात भेटतो. त्या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव स्वतः यादवराजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाच्या कारभाराचा अधिकारी होता, आणि तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. त्यातील सहाव्या, वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे, म्हणजे एकाच तारेच्या आणि पडदे नसलेल्या वीणेचे, वर्णन येते. तिच्या टोकाच्या आधारावर कासवाच्या पाठीसारखी मध्ये उंचावलेली धातूची पत्रिका बसवावी आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये वेळूची बारीक कपची घालावी, असे तो सांगतो. या कपचीला तो जीवा म्हणतो. बाकदार पृष्ठभाग आणि मध्ये सरकणारा लहानसा तुकडा ही जोडी आजच्या घोडी-दोऱ्याच्या जोडीशी इतकी जुळते की दोन्हींचे कूळ एक मानण्यास संकोच वाटू नये. मात्र तंबोरा हे वाद्य त्या ग्रंथात नाही, आणि हे तंत्र शार्ङ्गदेवाने शोधले असेही म्हणता येत नाही, कारण पूर्वसूरींची मते एकत्र करून मांडणे हेच त्याच्या ग्रंथाचे मोठे काम आहे. हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने वाद्यांची मापे अंगुळांत नोंदवून ठेवल्याबद्दल मराठी मुलुखाने त्याचे ऋण मानावे, एवढे ते काम निश्चित मोठे आहे.

महाराष्ट्रात हे कसब पुढे मिरजेत बहरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, घराण्यातील फरीदसाहेब वाद्यनिर्मितीकडे वळले, आणि त्यांच्या वंशजांनी तंबोरा व सतार यांची परंपरा तिथे रुजवली. पोलादावर सरावलेला हात घोडीच्या उतारावर स्थिरावला, हे विशेष. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

देवगिरीच्या बाजूनेही हा धागा उचलता येईल. छत्रपती संभाजीनगरातील संगीतशिक्षण देणाऱ्या संस्थांनी वाद्याध्यायातील मापांबरहुकूम एक एकतंत्री वीणा मिरजेच्या कारागिरांकडून घडवून घ्यावी आणि वेळूची जीवा सरकवत तिचा नाद विद्यार्थ्यांना ऐकवावा.