हळदणकर आणि स्थळावरचे जलरंग
सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षण आटोपताच १९०८ मध्ये स्वतःची चित्रशाळा काढली आणि पुढे आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही भाग घेतला. त्यांचे खरे बळ पारदर्शक जलरंगात होते; या पद्धतीत पांढरा रंग न लावता कागदाचाच पांढरेपणा उजेड म्हणून राखतात, आणि स्थळचित्रणात, म्हणजे जागेवर बसून निसर्गचित्र रंगवताना, ऊन सरकण्याआधी काम उरकावे लागत असल्याने चुकलेला फटकारा सहसा सुधारता येत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्राने (पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे समजतात) त्यांना कीर्ती दिली, परंतु त्या एका चित्रापुढे त्यांची निसर्गचित्रे व अध्यापन अकारण झाकोळली गेली.