रिफायनरीच्या पाइपमध्ये मीठ कधी जमेल, हे सॉफ्टवेअर कसं ओळखतं?

कल्हई करताना तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, पाहिलाय कधी? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. गार होताच ते पुन्हा एकत्र येतात आणि घन कण बनतात. हेच रिफायनरीत घडलं तर पाइपला भोक पडू शकतं आणि आत असते पेट घेणारी नॅफ्थाची वाफ.

हे मीठ येतं कुठून?

कच्च्या तेलासोबत खारं पाणी येतं. डीसॉल्टरमध्ये धुऊनही थोडे क्षार उरतात. भट्टीच्या उष्णतेत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडपासून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि डिस्टिलेशन कॉलमच्या माथ्यावर पोहोचतो. तिथे अमोनिया भेटला की नवसागर तयार! बऱ्याचदा वाफेचं पाणी होण्याआधीच तो जमतो. कोरडा असेपर्यंत तो मुख्यतः रस्ता अडवतो. ओलावा शोषला की खालचं पोलाद झपाट्याने खातो.

अंदाज कसा बांधतात?

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला यातलं गणित आवडतं. दोन्ही वायूंच्या आंशिक दाबांचा गुणाकार करा. प्रत्येक तापमानाला या गुणाकाराची एक मर्यादा असते आणि तापमान उतरलं की तीही उतरते. गुणाकार जिथे मर्यादेला टेकतो, ते तापमान म्हणजे ‘सॉल्ट पॉइंट’. कॉलमचा माथा त्याहून काही अंश गरम ठेवायचा.

इनपुट कुठून? वाफ थंड होऊन जे पाणी जमतं, त्यातलं क्लोराइड आणि अमोनिया लॅबमध्ये मोजतात आणि त्यावरून उलट हिशेब करतात.

मग अडतं कुठे?

• जे मीठ वाटेतच जमलं, ते त्या पाण्यात दिसत नाही. म्हणजे धोका वाढलेला असताना आकडा मात्र छान दिसू शकतो.
• आम्ल मारायला अमाइन टाकतात, पण क्लोराइडशी त्यांचंही मीठ बनतं. काहींचं तर नवसागरापेक्षा जास्त तापमानाला.
• सेन्सर सगळ्या प्रवाहाचं तापमान सांगतो. मीठ मात्र आधी पाइपच्या सर्वांत गार भिंतीवर जमतं.
• माथा हवा तेवढा तापवता येत नाही. तापमान वाढवलं की नॅफ्थात जड घटक येतात.

म्हणून बऱ्याच ठिकाणी वाफेत भरपूर पाणी सोडून मीठ धुऊन काढतात. पाणी कमी पडलं तर मीठ नुसतं ओलं होतं, आणि ते कोरड्यापेक्षा वाईट. पाणी कुठे आणि किती सोडायचं, हे ठरवायलाही हाच सॉल्ट पॉइंट लागतो.