चार बाजू मोजून शेत मोजलं जात नाही

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जमिनीच्या व्यवहारात एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘चारी बाजू टेपनं मोजून घेतल्यात, आता काळजी नाही.’ आज आम्हाला सांगायचंय ते एवढंच, की काळजी खरं तर तिथूनच सुरू होते.

हे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त सांगून ठेवलंय. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहून तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. भास्कराचार्य म्हणतात, चौकोनाच्या चार बाजू दिल्या पण लंब किंवा एखादा कर्ण दिला नाही, तर क्षेत्रफळ ठरतच नाही. असं असताना जो ते विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो तो त्यांच्या मते त्याहून मोठं पिशाच! एरवी रसिक असलेला हा माणूस इथे मात्र चिडलेला दिसतो. उदाहरण त्यांचंच घ्या. चारही बाजू २५. कर्ण ३० आणि ४० असले तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असले तर ३३६. आणि काटकोनी चौरस असला तर ६२५. कुंपण तेवढंच, तार तेवढीच, पण आतली जमीन जवळजवळ निम्मी होऊ शकते. खाटेच्या चौकटीचे सांधे ढिले झाले की ती कशी एका बाजूला कलते, तसंच हे.

आता व्यवहारात काय चालायचं? समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. इजिप्तमध्ये एडफूच्या मंदिराच्या जमिनींच्या नोंदींत हीच रीत आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ती दिली, पण तिला ‘स्थूल’ म्हणून बाजूला काढलं. शेजारी त्यानं दिलेलं ‘सूक्ष्म’ सूत्रसुद्धा चारही कोपरे एका वर्तुळावर बसत असतील तरच खरं ठरतं. स्थूल रीतीची गंमत अशी की तिची चूक नेहमी एकाच दिशेला होते. आयत सोडला तर उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच नाही. म्हणजे सारा घेणाऱ्याचा फायदा, देणाऱ्याचा तोटा. आज विकणाऱ्याचा फायदा आणि घेणाऱ्याचा तोटा. चुकीलाही बाजू असते, हे आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी जरा जास्त वेळा सांगायला हवं होतं.

शिवकाळातलं माप सभासद बखरीत आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. माप चोख आहे. पण बिघा चौरस आणि कोकणातलं भाताचं खाचर मात्र उताराला, ओढ्याला, बांधाला धरून वळलेलं. कल्याण-शिळच्या बाजूची जुनी खाचरं ज्यांनी पाहिलीत त्यांना काटकोन किती दुर्मिळ होता ते ठाऊक असेल.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची पाहणी झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापुरात बसवलेली ती पद्धत पुढे ठाणे जिल्ह्यातही आली. तिची हत्यारं दोनच, साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. शंकू म्हणजे काठीच्या डोक्यावर एकमेकींना काटकोनात कापलेल्या दोन खाचा. एका खाचेतून साखळीची रेघ पाहायची, दुसरीतून शेताचा कोपरा. कोपरा दिसला की तिथे लंब पडला.

करायचं एवढंच. शेताच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायची, म्हणजे कर्ण. उरलेल्या कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंना लंब काढायचे. समजा कर्ण ८ साखळ्या, एक लंब ३, दुसरा २. लंबांची बेरीज ५, गुणिले ८, भागिले २, झाले २० गुंठे. अर्धा एकर. बांध वाकडातिकडा असला तर लंब वाढवायचे, शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडायचे. आकडे शेतातच एका कच्च्या आकृतीवर लिहायचे, ते टिपण. आकृती प्रमाणात नसली तरी चालतं, कारण खरं काय ते आकड्यांत. त्यांवरून क्षेत्र काढायचं ते ‘गुणाकार बुक’मध्ये. किती सरळ नाव आहे! भास्कराचार्यांनी मागितलेला कर्ण आणि लंब असे भूमी अभिलेख कार्यालयाच्या दप्तरात येऊन बसले. विंगेटनं ‘लीलावती’ वाचली म्हणून नव्हे. वाकड्या जमिनीला दुसरा मार्गच नाही.

म्हणून सातबाऱ्यावर थांबू नका. सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगत नाही. खरेदीखतातली चतुःसीमा शेजारी कोण ते सांगते, तीही आकार सांगत नाही. हल्लीची मोजणी यंत्रांनी होते, पण हद्दीचा वाद आला की जुनं टिपण काढावंच लागतं. त्याची नक्कल मागता येते. आपल्या २७ गावांत ज्यांच्या वाडवडिलांची जमीन आहे, त्यांनी ती मागून घरी ठेवावी.

आणखी एक. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. ‘आर म्हणजे गुंठाच हो’ असं सर्रास म्हणतात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. एका गुंठ्यात फरक दिसत नाही, पण ४० गुंठ्यांचे ४० आर धरले की सुमारे ४७ चौरस मीटर गेले. म्हणजे ५०० चौरस फूट. डोंबिवलीत तेवढ्यात वन बीएचके बसतो.