सिस्टर आणि ती खाट
सरकारी हॉस्पिटलातल्या सिस्टर तुसड्या असतात, असं मीही म्हणायचो. मग केईएमची गोष्ट नीट वाचली.

नोव्हेंबर १९७३. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर वॉर्डबॉयने अत्याचार केला. सुरक्षिततेसाठी परिचारिकांनी संप केला. पुढे ऐंशीच्या दशकात पालिका अरुणाला हलवून खाट रिकामी करायला निघाली, तेव्हा त्याच आडव्या आल्या. प्रशासनावर भरवसा कसला ठेवणार? पण अरुणा त्यांच्यातली होती. २०१५ मध्ये ती गेली. तोवर ४२ वर्षं तिला भरवलं, पुसलं. त्यात तिला धडधाकट कधी न पाहिलेल्या मुलीही होत्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही अंगावर एक जखम नाही, अशी नोंद २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे.